पाहुण्यांचं पाणी

श्रावणातल्या शनिवारची सकाळ. प्रेमलाबाई न्हाऊन, ओल्या केसांना पंचा गुंडाळून देवघराकडे निघाल्या होत्या, आणि हॉलमधल्या काचपेटीपाशी त्यांचं पाऊल आपसूक थबकलं. धाकटा पाहुणा वर आला नव्हता. रोज त्यांच्या पावलांची चाहूल लागली, की तळच्या पानाआडून तो अंगठ्याच्या पेराएवढा, मातकट रंगाचा, पाठीवर मोहरीसारखे ठिपके असलेला बेडूक सुसाट वर यायचा, पाण्याला नाक लावून हवेचा एक घोट घ्यायचा आणि कुणी पाहिलं तर काय म्हणेल अशा लगबगीनं पुन्हा खाली जायचा. आज तो पाण्याच्या मध्यावरच हातपाय पसरून तरंगत होता. तरंगायचा तो एरवीही. एक पाय पानावर टेकवून, बाकीचे तीन ताणून, कितीतरी वेळ तसाच; प्रेमलाबाई मनातल्या मनात त्याला गोसावी म्हणत. पण ध्यान लागलेल्याच्या अंगात एक सैलपणा असतो, तो आज नव्हता. मध्येच त्याचा मागचा पाय कुणी दोरी ओढल्यासारखा ताठ व्हायचा आणि पुन्हा ढिला पडायचा. थोरला खाली खड्यांवर पोट टेकून बसला होता आणि त्याच्या पाठीवरची कात चिंध्यांसारखी सुटून पाण्यात हलत होती. दूर लष्कराच्या मैदानावर तोफांचा सराव चालू झाला असावा. भिंगारच्या घरांना त्याची सवय होती. खिडकीची काच किणकिणली, पेटीतलं पाणी शहारलं. एरवी त्या शहाऱ्यासरशी दोघेही पानात दडत. आज दोघांनाही त्याचं काही नव्हतं.

चातुर्मासात प्रेमलाबाईंचा नेम होता, स्नान झाल्यापासून पूजा संपेपर्यंत शब्द काढायचा नाही. तसे त्यांचे नेम पुष्कळ. गायीला घास, तुळशीला पाणी, सांजवातीनंतर केर काढायचा नाही, एकादशीला नुसत्या पाण्यावर. पण या मौनाची त्यांना फार गोडी लागली होती. मुळात आवाजच हळू. मार्तंडराव थट्टेनं म्हणत, "तू मौन धरतेस आणि सोडतेस, मला दोन्हीतला फरक कळतच नाही." आज मात्र त्या त्यांच्या खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हातानं पेटीकडे दाखवू लागल्या. मार्तंडरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. भिंगारच्या लष्करी कचेरीत उभी हयात कारकुनी केलेला माणूस. इशारा समजून घ्यायच्या आधी त्याला खुलासा लागे. "काय? दूध उतू गेलं?" प्रेमलाबाईंनी मान हलवली. "सिलिंडर संपला? बरं, मग पाणी आलं नाही? आलंय की." त्यांनी पुन्हा हात दाखवला, बोटं पसरून, तरंगल्यासारखा. "कोण, आपले पाहुणे? पोहतायत की मजेत. अगं, पोहणार नाहीत तर काय पोळ्या लाटतील?" आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. तोंड उघडलं असतं तर काय सांगितलं असतं, हेही त्यांना नीट कळेना. पाय ताठ होतोय, एवढंच. मग त्या देवापुढे जाऊन बसल्या. हातांना सवय होती, ते आपले ताम्हनात एकेक देव उतरवू लागले, आणि मन काचेला नाक लावून बाहेरच राहिलं.

धवलनं हे पाहुणे आणले त्या दिवशी प्रेमलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली होती. बेडकांसाठी नव्हे. धवल घराबाहेर पडला होता, म्हणून. पुण्याला मोठ्या कंपनीतला इंजिनियर मुलगा एका दिवाळीला घरी आला आणि परत गेलाच नाही. आधी म्हणाला, रजा आहे. मग म्हणाला, घरून काम आहे. मग काही म्हणेनासाच झाला. त्याच्या खोलीचं दार लोटलेलं असे. त्या दाराशी त्या ताट ठेवत, आणि रिकामं ताट उचलताना त्यात किती उरलंय यावरून त्याची तब्येत ओळखत. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी तो झोपायचा, बोलायचा नाही. यामिनी, त्यांची थोरली, सासरहून फोनवर विचारायची, "धवलशी बोललीस का गं?" तिला काय सांगणार, की मी दाराबाहेर बसते, तो दाराआत बसतो, आणि तेवढंच आमचं बोलणं. माळ घेऊन त्या उंबऱ्याशी बसत. आतून पंख्याचा आवाज येई. कधी कॉट कुरकुरे. त्या कुरकुरीवर त्यांची पुढची माळ सरे. अशी तीन वर्षं गेली, आणि एका संध्याकाळी तो पायांत चपला घालून एकदम बाहेरच्या दाराशी उभा. "जरा दिल्ली दरवाजापर्यंत जाऊन येतो." मार्तंडराव इतके दचकले की त्यांनी "छत्री ने" म्हटलं, भर उन्हाळा होता. आला तो पाण्याची पिशवी घेऊन. पिशवीत हे दोघे.

"हे मोठे होत नाहीत, आई. एवढेच राहतात." काच पुसता पुसता तो सांगत होता, आणि प्रेमलाबाई शब्द सांडू नयेत अशा जपून ऐकत होत्या. आफ्रिकेतल्या घनदाट रानात ओढ्याकाठी पाणी साचतं. वरून झाडांची इतकी दाटी की ऊन खाली पोचत नाही. पानं गळून गळून, कुजून ते पाणी चहासारखं होतं. त्या पाण्यात हे राहतात. जमिनीवर येतच नाहीत. जन्मभर पाण्यात, पण श्वास मात्र वरचा, म्हणून सारखं वर यावं लागतं. "आणि यांना जीभ नसते," तो म्हणाला. "जीभच नसते?" "नसते. हातांनी घास तोंडात कोंबतात." ते ऐकून प्रेमलाबाईंच्या मनात आलं, न बोलणाऱ्या मुलानं जीभ नसलेला जीव घरात आणावा. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून त्या बेडकांना पाहुणे म्हणू लागल्या. एवढ्या लांबून, रानातल्या सावलीतून निघून भिंगारच्या या रखरखीत कोरड्या हवेत येऊन पडलेले. पाहुणे नाहीत तर कोण? संध्याकाळी दिवे लागले, की धाकटा गुणगुणायचा. आधी त्यांना वाटलं, फ्रिज बिघडला. धवलनं त्यांचा हात धरून काचेवर टेकवला. बारीक कंप होता तळव्याखाली, लांबून येणाऱ्या गाडीसारखा. जीभ नसली म्हणून काय, तो त्याच्या परीनं गातच होता. आणि कितीतरी वर्षांनी मुलाचा हात त्यांच्या हातावर होता. तो कंप नक्की कुणाचा, याची चौकशी त्यांनी केली नाही.

मग एके दिवशी त्यानंच सांगितलं, चाकणच्या एका कारखान्यात बोलावलंय. महिनाभर बघतील, जमलं तर ठेवून घेतील. राहायला खोली देतात. मध्येच सोडून आलो तर मग नाही. हे शेवटचं वाक्य त्यानं बेडकांकडे बघत म्हटलं. जायच्या आदल्या दिवशी तो आईला घेऊन पेटीपाशी बसला. फ्रिजरमधल्या डब्यात लाल किडे गोठवलेले, त्याची वडी रोज एक. "तुला नाही ना चालणार हे? लंकाबाईंना सांगू का, भांड्यांना येतील तेव्हा घालायला?" मार्तंडराव मधेच म्हणाले, "सोवळ्याच्या फ्रिजमध्ये किड्यांचं बिऱ्हाड! तुझी आजी असती तर तिनं फ्रिजलाच तीर्थ पाजलं असतं." प्रेमलाबाई म्हणाल्या, "देवानं ज्याला जे अन्न दिलं, ते त्यानं खावं. त्याचं पाप मला कसं लागेल? मी दुपारी घालीन." आणि घातलं त्यांनी. पहिल्या दिवशी डोळे मिटून, दुसऱ्या दिवशी उघडून. तो इवलासा जीव दोन्ही हातांनी घास तोंडात कोंबायचा, बाळ मुठीनं भात खातं तसा, आणि त्यांना त्या किड्यांचा विसर पडायचा. दुसरी गोष्ट पाण्याची. मोरीशेजारी झाकण लावलेली प्लास्टिकची बादली होती. नळाचं पाणी तिच्यात भरून दिवसभर ठेवायचं, मग पेटीत घालायचं. "नळातल्या औषधानं यांना त्रास होतो. हेच पाणी घाल आई, दुसरं नको." त्या हो म्हणाल्या.

हो म्हणाल्या खऱ्या, पण त्या बादलीकडे बघून त्यांचा जीव खालीवर होई. शिळं पाणी. मोरीपाशी ठेवलेलं, प्लास्टिकमधलं, उघडलं की कोंदट वास येणारं. दारी आलेल्या कुत्र्यालासुद्धा त्या असं पाणी ठेवत नसत. आणि हे तर त्याचे, तो नसताना आपल्या हवाली केलेले. तो गेल्यापासून घर असं झालं होतं, की दाराशी ताट ठेवायला म्हणून त्यांचे हात उठायचे आणि तसेच परत यायचे. त्याला आवडतं म्हणून केलेली भाजी उरायची. मग त्या पेटीपाशी येऊन बसायच्या, आणि हातातलं ते सगळं, जे द्यायचं होतं आणि घ्यायला कुणी नव्हतं, ते कुठेतरी घालावंसं वाटायचं. देवघरापाशी त्यांची तांब्याची घागर होती. सासूबाईंची. रोज चिंचेनं घासून लखलखीत केलेली. रात्री भरून ठेवायची, सकाळी देवाला त्याच पाण्यानं न्हाऊ घालायचं, आणि घरातल्यांनी प्यायचं तेही तेच. आधी त्यांनी त्यातलं एक फुलपात्र पेटीत घातलं. पाहुण्यांनी काही तक्रार केली नाही. मग रोज एक फुलपात्र, देवाच्या न्हाणीनंतर, तितक्याच भक्तीनं. आणि काल तर शुक्रवार, जिवतीचा. पुरणाचे दिवे लावून लेकरांना ओवाळायचा दिवस. यामिनी सासरी, धवल चाकणला. परगावच्या लेकरांसाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या असतात, त्या त्यांनी टाकल्या. पण ओवाळायला समोर कुणीच नसावं, हे त्यांना सोसेना. ताम्हन घेऊन त्या काचपेटीपुढे उभ्या राहिल्या. मार्तंडराव म्हणाले, "कुंकू लावू नकोस म्हणजे झालं, पुसायला येणार नाही." त्या हसल्या, ओवाळलं, आणि सणाचं म्हणून पेटीतलं अर्धं पाणी काढून टाकून अख्खी घागर रिती केली. पाणी कसं स्फटिकासारखं दिसायला लागलं! दिव्याच्या ज्योती त्यात दोन दोन दिसत होत्या, आणि त्या ज्योतींमधून पाहुणे इकडून तिकडे जात होते. आजवरच्या कुठल्याच जिवतीला त्यांचं मन इतकं भरून आलं नव्हतं.

"झाली का पूजा?" हॉलमधून मार्तंडरावांचा आवाज आला. "उरकली असेल तर आण तुझं ते जंतू मारलेलं पाणी. घसा सुकला."

हे वाक्य ते रोजच म्हणत. कधी थट्टेनं, कधी सवयीनं. चहाआधी तांब्याच्या घागरीतलं फुलपात्रभर पाणी हा त्यांचाही एक नेमच होता. प्रेमलाबाईंच्या हातात बाळकृष्ण होता, ओला. तो तसाच हातात राहिला. तांब्यातलं पाणी शुद्ध का, तर त्यात बारीकसारीक जीव टिकत नाही. सासूबाईंनी त्यांना हे सांगितलं होतं. त्यांनी ते यामिनीला सांगितलं होतं, शेजारणींना सांगितलं होतं, प्लास्टिकच्या बाटल्या आणणाऱ्या धवललाही लहानपणी कितीदा सांगितलं होतं. इतक्या वर्षांत ते वाक्य त्यांनी कधीही पाण्यातल्या बारीकसारीक जिवाच्या बाजूनं ऐकलं नव्हतं. घागरीच्या तोंडाशी उजेड चमकत होता. चिंचेनं घासली की ती कशी उघडी पडते, तांबूस, ताजी; आणि रात्रभर पाण्यात आपलं काहीतरी सोडत राहते. त्याच गुणासाठी तर ती ठेवलेली. बाळकृष्ण त्यांनी ताम्हनात ठेवला तो इतक्या घाईनं, की पितळेवर पितळ खणखणलं.

"अहो!" त्या ओरडल्या.

मार्तंडराव धावतच आले. पूजेत बायको बोलली याचा धक्का त्यांना आधी बसला. "काय झालं? चक्कर आली का?"

"मी त्यांना तांब्याचं पाणी घातलं. सगळी घागर घातली. अहो, ते मरतायत."

नेम मोडला, हे त्यांना त्या क्षणी जाणवलंही नाही. मोरीशेजारची बादली दोघांनी मिळून ओढत आणली. प्रेमलाबाईंनी झाकण काढलं. तोच कोंदट वास, आणि आज त्या वासाला त्यांनी मनोमन हात जोडले. लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ते पाणी भरलं. धवलची हिरवी जाळी घेऊन थोरल्याला उचलला. तो लगेच आला, लढायची ताकदच नव्हती. धाकटा जाळीत आला तेव्हा तिच्या कडेवर त्याचा एक हात पडला, चार बोटांचा, बोटांमध्ये आकाशकंदिलाच्या कागदाइतका पातळ पडदा. प्रेमलाबाईंनी जन्मात बेडकाला शिवलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या हातानं तो हात हलकेच सोडवला.

लंकाबाई भांडी घासायला आली तेव्हा काकू जमिनीवर बरणीपुढे बसलेल्या. लंकाबाई पाथर्डीकडची. ऊसतोडीला, कोयत्याला जाऊन जाऊन तिच्या घरच्यांची कंबर गेली, म्हणून ती नगरला भांड्याच्या कामाला लागलेली. पदर खोचून तीही वाकली. "अगं बया! ह्ये कामून असं पडलंय? रातच्याला काई खाल्लं का न्हाई?"

"माझ्या हातून झालं, लंकाबाई. पाणी चुकलं."

"पान्यातल्या जनावराला पानी चुकतं व्हय? नवलच ऐकतीया." मग काकूंचा चेहरा बघून तिनं आवाज उतरवला. "आमच्याकडं पाऊस लांबला ना काकू, की पोरं बेडूक धरत्यात. काठीला बांदायचा, लिंबाचा पाला गुंडाळायचा, न् दारोदार हिंडायचं. बाया वरनं तांब्या वततात, म्हन्जी पाऊस पडतो."

"आणि त्या बेडकाचं काय होतं?"

"त्येचं काय हुनार? बायांनी हात सडळ ठिवला तर जगतो. न्हाई तर…" तिनं वाक्य तिथंच टाकलं आणि बरणीच्या काचेवर बोट आपटलं. "ए भाऊ, ऊठ की. काकू उपाशी बसल्यात तुझ्यापायी."

थोरला हलला. वर आला, जडपणे, चढण चढल्यासारखा, आणि एक घोट घेऊन खाली गेला. धाकटा आला नाही. दुपारी केव्हातरी त्याचा ताठ होणारा पायही ढिला पडला, आणि मग त्याच्या अंगात खरंच तो सैलपणा आला, ध्यानातल्या माणसासारखा. प्रेमलाबाईंना ते बघवेना आणि तिथून उठवेना. सोसायटीच्या मागच्या बाजूला कडूनिंब आहे, तिथे लंकाबाईनं खुरप्यानं खळगा केला. प्रेमलाबाईंनी त्याला केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळलं होतं. काय म्हणावं ते त्यांना सुचेना. इतकी स्तोत्रं पाठ, पण रानातल्या सावलीत जन्मलेल्या बिनजिभेच्या जिवासाठी एकही आठवेना. "जा बाबा," एवढंच त्या म्हणाल्या. माती कोरडी होती, श्रावण असूनही. तिच्यावर त्यांनी ओंजळभर पाणी घातलं, त्या बादलीतलंच.

मार्तंडराव दुपारभर अस्वस्थ होते. चहा घेताना त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मी रिक्षा करून दिल्ली दरवाजाला जाऊन येतो. तसाच एक आणतो."

"तसाच म्हणजे?"

"म्हणजे बेडकासारखा बेडूक. धवल यायला अजून वेळ आहे, तोवर नवा जुना होईल."

"तो ओळखेल हो. त्याच्या पाठीवरचे ठिपके त्याला पाठ आहेत."

"ओळखेल तेव्हा ओळखेल! तोवर त्याची नोकरी तरी पक्की होईल." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला, घरात कुणी ऐकेल तसा. "प्रेमा, पोरगं आत्ता कुठे जरा… तू आज सांगितलंस ना, तर तो बसमध्ये बसेल आणि येईल. आणि आला की दार लोटून घेईल. मला ते दार आता नाही गं बघवत."

त्या गप्प राहिल्या. आयुष्यभर त्यांच्या गप्प राहण्याला सगळ्यांनी चांगुलपणा म्हटलं होतं. आजही गप्प राहता येणार होतं, तेही चांगुलपणातच जमा झालं असतं. संध्याकाळी धवलचा फोन येईल, विचारेल खाल्लं का त्यांनी, आणि 'खाल्लं' म्हटलं की झालं. थोरल्यानं खाल्लंही होतं थोडंसं. पण मार्तंडराव ज्याला भीत होते, त्याच्याही खाली त्यांच्या मनात आणखी काहीतरी होतं, आणि सांजवात करताना ते एकदम उघडं पडलं. तो बसमध्ये बसेल आणि येईल, हे ऐकताना त्यांच्या काळजात भीती वाटली होती, पण त्या भीतीच्या कडेला एक ऊबही होती. येईल. दाराआत असेल. पंख्याचा आवाज येईल. त्या उंबऱ्याशी बसतील. तीन वर्षं त्यांनी देवाला रोज साकडं घातलं होतं, त्याला बाहेर काढ. आणि देवानं काढला, तर त्यांचेच हात रिकामं ताट शोधत फिरत होते. काल घागर ओतताना आपण नक्की काय ओतत होतो? वात विझल्यासारखी झाली, त्यांनी ती पुढे सारली. आपल्याला जे सगळ्यांत चांगलं वाटतं ते आपण देत गेलो, आणि घेणाऱ्याला काय सोसतं ते त्यानं सांगितलं होतं, स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, हेच पाणी घाल, दुसरं नको. तीन वर्षांनी बोललेला मुलगा, आणि त्याचं एवढंच बोलणं आपण ऐकलं नाही. नवा बेडूक आणून ठेवला तर तेही न ऐकल्यासारखंच होईल.

फोन वाजला. मार्तंडरावांनी नजरेनं विनवलं. प्रेमलाबाई फोन घेऊन पेटीपाशी जाऊन बसल्या.

"आई, खाल्लं का त्यांनी?"

"धवल, धाकटा गेला रे."

पेटीच्या काचेवर त्यांनी तळहात टेकवला.

"माझ्या हातून गेला. मी घागरीतलं पाणी घातलं. तांब्याच्या. मला वाटलं, बादलीतलं शिळं असतं, त्यांना चांगलं द्यावं. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही."

पलीकडून काहीच नाही. ही शांतता त्यांच्या ओळखीची होती. तिच्याशेजारी बसायची त्यांना सवय होती; घाई केली की ती आणखी आत जाते, हेही ठाऊक होतं. त्या बसून राहिल्या. फोनमधून त्याचा श्वास येत होता.

"थोरला?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं. आवाज घोगरा होता.

"आहे. बरणीत ठेवलाय, बादलीतल्या पाण्यात. कात निघतेय. वर येतो, पण दमून येतो."

"मी येतो. आत्ता एसटी मिळेल. रात्री पोचेन."

त्यांच्या मनानं तेवढ्यात कणीकसुद्धा भिजवली. किती पोळ्या, कुठली भाजी, खोलीतली चादर बदलायची राहिलीय. ओठांवर 'ये' आलाच होता. समोर मार्तंडराव भिंतीला टेकून उभे होते, म्हातारे दिसत होते.

"येऊ नकोस," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"आई, तुला नाही जमणार."

"जमेल. तू सांग, मी तसंच करीन. माझ्या मनानं काही करणार नाही. तू म्हणशील तेच पाणी, तू म्हणशील तेवढंच."

"तो गेला तर?"

"गेला तर मी तुला खरं सांगीन. आज सांगितलं तसं. पण तू येऊ नकोस."

प्रेमलाबाईंनी डोळे मिटून घेतले. मग त्यानं नाक ओढलं, लहानपणी ओढायचा तसं, आणि म्हणाला, "तो कुठं पुरलास?"

"निंबाखाली. लंकाबाई होती बरोबर."

"बरं केलंस." थांबला. "हे बघ, पेटीतलं सगळं पाणी काढून टाक. वाळूत, खड्यांत ते तांबं बसलेलं असतं, त्यामुळे खडे पण काढ. साबण लावू नकोस कशाला. आणि बरणीतलं पाणी रोज थोडं थोडं बदल, एकदम सगळं नाही. थकलेल्या जिवाला तेही सोसत नाही."

"थोडं थोडं," त्या म्हणाल्या. "साबण नाही."

पलीकडे दार वाजलं. कुणीतरी तरण्याबांड, मोठ्या आवाजात हाक मारली, "ए धवल्या, चल की लेका! मेस बंद होईल, मग बस बिस्किटं खात."

धवल्या. या नावानं त्याला कुणी हाक मारलेली त्यांनी शाळेनंतर ऐकली नव्हती. फोन तोंडापासून जरा लांब गेला असावा, पण त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"तुम्ही व्हा पुढं, मी आलोच. घरून फोन आहे."

घरून फोन आहे. इतकं साधं वाक्य, एसटीत, बाजारात, कुणाच्याही तोंडचं. पण ते म्हणायला माणूस घराबाहेर असावा लागतो. प्रेमलाबाईंनी दुसऱ्या हातानं तोंडावर पदर धरला. मार्तंडरावांनी भुवया उंचावून विचारलं, काय म्हणतोय? त्यांनी मान हलवली, थांबा म्हणून.

"हं, आई," तो परत आला. "कुठवर आलो होतो आपण?"

"खडे काढायचे, म्हणालास," त्या म्हणाल्या. "पुढं सांग."